स्वयंसेवा विकत घेताना: इंग्लंडमधील एक अनुभव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्याची आणि वृद्धांच्या देखभालीची काही सार्वजनिक कामे स्वयंसेवी संस्थांकडे सोपवावीत, म्हणजे ती आपुलकीने होतील आणि शिवाय स्वस्तातही होतील, अशा आशयाची पत्रे आपल्या सदरात अधूनमधून येतात आणि त्यांपैकी काहींत इंग्लंडचा दाखला दिलेला असतो. दाखला खोटा नाही, पण तो अर्धा आहे. इंग्लंडच्या मिडलंड्स भागातील एका लहान धर्मादाय संस्थेचा मी अनेक वर्षे बिनपगारी खजिनदार होतो. घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्यांचे हिशेब लिहिण्याचे काम माझ्याकडे होते, आणि त्या वह्यांतून जे दिसले त्याच्या आधारे उरलेला अर्धा दाखला मांडण्याची परवानगी असावी.

आधी तेथील रचना सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचे कळणार नाही. तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. ती मुख्यतः करांच्या पैशावर चालते आणि रुग्णालयात रुग्णाच्या हाती बिल पडत नाही. परंतु अंघोळ घालणे, जेवण भरवणे, अंथरुणातून उठवून खुर्चीत बसवणे ही कामे सहसा या सेवेत मोडत नाहीत. त्यांना ‘सामाजिक काळजी’ म्हणतात, ती स्थानिक परिषदांच्या, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकांसारख्या संस्थांच्या, अखत्यारीत येतात, आणि ज्याच्या नावावर हिशेबात धरण्याजोगी २३,२५० पौंडांहून अधिक पुंजी आहे त्याला त्या कामांचा खर्च बहुधा स्वतःच सोसावा लागतो. हा आकडा २०१० पासून जागचा हललेला नाही. परिणामी औषधोपचार पूर्ण झालेला वृद्ध माणूस केवळ घरी पाहणारे कोणी नाही म्हणून रुग्णालयात पडून राहतो. खाटेचा खर्च आरोग्यसेवेच्या खिशातून जात असतो, घरच्या मदतीचा खर्च परिषदेच्या खिशातून जायचा असतो, आणि दोघांनाही दुसऱ्याच्या खिशाची फारशी काळजी नसते. या दोन खिशांमधल्या फटीत स्वयंसेवी संस्था उभ्या आहेत.

परिसरातील लोकांची गरज कोणती आहे हे पाहणे, ती भागवण्यासाठी कोणती सेवा हवी हे ठरवणे, ती कोणाकडून घ्यायची ते निवडणे, करार करणे आणि नंतर तिच्यावर देखरेख ठेवणे, या सगळ्या व्यवहाराला तिकडे ‘कमिशनिंग’ म्हणतात. आपल्याकडे कमिशन म्हटले की टक्केवारी आठवते, म्हणून हा शब्द मी पुढे टाळतो आणि ‘सेवा घेणे’ एवढेच म्हणतो. तसे पाहिले तर या पाच पायऱ्यांपैकी पहिल्या दोन सर्वांत महत्त्वाच्या आहेत. प्रत्यक्षात मात्र सगळा वेळ आणि सगळी शाई तिसऱ्या पायरीवर, म्हणजे निविदेवर, खर्च होते.

पूर्वी असे नव्हते. परिषद संस्थेला वर्षाचे अनुदान देत असे, संस्था वर्षअखेर हिशेब आणि अहवाल देत असे, आणि दोन्हीकडची माणसे एकमेकांना ओळखत असत. १९९० च्या राष्ट्रीय आरोग्यसेवा आणि सामुदायिक काळजी कायद्याने सेवा घेणारा आणि सेवा देणारा यांची फारकत केली. सामाजिक काळजीच्या बाबतीत हा बदल एप्रिल १९९३ मध्ये पूर्णपणे अमलात आला आणि अनुदानाची जागा हळूहळू करारांनी घेतली. यात काही गैर होते असे मी म्हणणार नाही. ओळखीपाळखीवर मिळणारे अनुदान वर्षानुवर्षे त्याच त्या संस्थांच्या पदरात पडे, आणि नव्याने आलेल्या वस्तीतल्या, वेगळी भाषा बोलणाऱ्या लोकांच्या संस्थांना दारातच उभे राहावे लागे. करारामुळे निदान नियम कागदावर आले.

आमची संस्था एकच काम करीत असे. एकटा राहणारा वृद्ध रुग्णालयातून घरी सोडला जाणार असेल, तर त्याच्याआधी तासभर आमचा स्वयंसेवक त्याच्या घरी पोहोचायचा. घर गरम करण्याची यंत्रणा चालू करायची, शीतकपाटातले तीन आठवड्यांपूर्वीचे दूध टाकून ताजे दूध, पाव आणि एकदोन दिवसांचे जेवण ठेवायचे, जिन्याच्या तोंडाशी दुमडलेला गालिचा सरळ करायचा किंवा उचलून बाजूला ठेवायचा, आणि माणूस घरात आला की त्याच्याबरोबर चहा घेत औषधांच्या पुडीवर काय लिहिले आहे ते वाचून दाखवायचे. पुढे सहा आठवडे आठवड्यातून एकदोनदा फेरी. चौतीस स्वयंसेवक होते आणि अर्धवेळ पगारावर एक समन्वयक बाई. कोणाला कोणाकडे पाठवायचे हे त्या ठरवीत, आणि त्यांची एक जाड वही होती. ‘डाव्या कानाने ऐकू येत नाही, घंटी दोनदा वाजवून थांबणे.’ ‘मुलीविषयी विचारू नये.’ ‘मांजर बाहेर राहिले तर रात्री अंगणात उतरतात, आधी मांजर आत घेणे.’ ही शेवटची नोंद मला विशेष आठवते, कारण त्या गृहस्थांचे माकडहाड मोडले होते ते मांजराला हाका मारताना निसरड्या पायरीवरून घसरूनच, आणि रुग्णालयाच्या घरी सोडण्याच्या कागदात ‘पडण्याचा धोका’ एवढेच लिहिलेले होते.

मग एका वर्षी अनुदान बंद होऊन त्याच कामाची निविदा निघाली. साठेक पानांचा दस्तऐवज होता. त्यात ५० लाख पौंडांचा विमा मागितलेला होता, मागील तीन वर्षांची उलाढाल मागितलेली होती, माहितीच्या सुरक्षेचे प्रमाणपत्र मागितलेले होते, आणि एका रकान्यात ‘प्रति भेट दर’ भरायचा होता. हा रकाना भरताना मी दोन रात्री जागलो. भेटीला जाणारा पैसे घेत नाही, तेव्हा भेटीचा दर काढायचा कशावरून? समन्वयक बाईंचा पगार, स्वयंसेवकांची पार्श्वभूमी पडताळण्याचा आणि प्रशिक्षणाचा खर्च, प्रवासभत्ता, विमा, दोन खोल्यांचे भाडे, लेखापरीक्षण हे सारे भेटींच्या संख्येने भागले, तर येणारा आकडा फुकटच्या कामासाठी फार मोठा दिसे. आणि त्यातले काही वगळले, तर ते आम्हाला पदरमोड करून भागवावे लागणार होते. आम्ही खरा आकडा लिहिला. काम एका मोठ्या प्रादेशिक संस्थेला गेले. तिचा दर आमच्याहून बराच कमी होता.

त्या संस्थेला मी दोष देत नाही. तीही धर्मादायच होती आणि तिने नियमाप्रमाणे निविदा भरली होती. पण हस्तांतराच्या दिवशी जे घडले ते दोन्ही बाजूंच्या कागदांत कुठेच नव्हते. समन्वयक बाईंची नोकरी कायद्याने नव्या संस्थेकडे वर्ग होऊ शकत होती. स्वयंसेवक मात्र असे वर्ग होत नाहीत. ते शेजाऱ्यासाठी येत होते, परिषदेच्या करारासाठी नव्हे, आणि नव्या संस्थेचे पत्र आल्यावर बहुतेकांनी नम्रपणे नकार कळवला. वहीचा प्रश्न तर आणखी अवघड होता. लोकांच्या घरातल्या खासगी गोष्टी त्यांची संमती नव्याने घेतल्याशिवाय दुसऱ्या संस्थेच्या हाती देणे आम्हाला योग्य वाटले नाही, आणि दीडएकशे लोकांकडे जाऊन संमती घेण्याइतका अवधी करारात ठेवलेला नव्हता. विश्वस्तांच्या ठरावाने ती वही कागद कातरण्याच्या यंत्रात गेली. यंत्रात पाने घालणारा मीच होतो.

‘स्वयंसेवी म्हणजे स्वस्त’ या समजुतीचे मूळ इथे आहे, असे मला वाटते. स्वयंसेवक पगार घेत नाही म्हणून काम बिनखर्ची होत नाही. त्याला निवडणारे, शिकवणारे, तो आजारी पडला तर दुसरा पाठवणारे आणि तो एखाद्या घरातून रडवेला होऊन परतला तर त्याच्याशी अर्धा तास बोलणारे माणूस पगारीच असावे लागते. सेवा घेणारे अधिकारी या खर्चाला ‘वरखर्च’ म्हणतात आणि तो कमीत कमी असावा असा आग्रह धरतात. आमच्या बाबतीत तो वरखर्च हीच सेवा होती. इंग्लंडमधील संस्था गेली वीसपंचवीस वर्षे पूर्ण खर्च मिळावा म्हणून मागणी करीत आहेत आणि सरकारी धोरणपत्रांत ती तत्त्वतः मान्यही झाली आहे, पण दराचा रकाना अजून तोच आहे. त्यात एप्रिल २०२५ पासून नोकरदारामागे मालकाने भरायची राष्ट्रीय विम्याची वर्गणी १३.८ टक्क्यांवरून १५ टक्के झाली आणि ती लागू होण्याची वार्षिक पगाराची मर्यादा ९,१०० पौंडांवरून ५,००० पौंडांवर आली. सरकारी रुग्णालयांना या वाढीची भरपाई मिळाली. सरकारचेच काम करारावर करणाऱ्या धर्मादाय संस्थांना मिळाली नाही. अगदी लहान संस्था वाढीव सवलतीमुळे बऱ्याच अंशी वाचल्या, पण पाचपन्नास कर्मचारी असलेल्या संस्थांसाठी हा दुष्काळात तेरावा महिना ठरला, कारण त्यांच्या चालू करारांतले दर आधीच ठरून गेले होते.

मोजता येते तेच विकत घेण्याची सवय किती खोल जाते, याचे उदाहरण पगारी घरसेवेत दिसते. परिषदा अनेक वर्षे पंधरा-पंधरा मिनिटांच्या भेटी विकत घेत राहिल्या. पंधरा मिनिटांत ऐंशी वर्षांच्या माणसाला उठवून, धुऊन, कपडे घालून, काही खायला देऊन बाहेर पडणे कोणाला जमत असेल तर त्याने शिकवावे. शेवटी २०१५ मध्ये तेथील आरोग्य आणि काळजी यांच्या दर्जाचे मार्गदर्शन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेला, म्हणजे ‘नाइस’ला, भेट सर्वसाधारणपणे अर्ध्या तासाहून कमी असू नये असे लेखी सांगावे लागले. मार्गदर्शक तत्त्व बंधनकारक नसते, त्यामुळे सांगूनही छोट्या भेटी संपल्या नाहीत.

कायदे झाले नाहीत असे नाही. सार्वजनिक सेवा (सामाजिक मूल्य) कायदा २०१२ मध्ये झाला आणि जानेवारी २०१३ मध्ये अमलात आला. सेवा घेताना केवळ दराचा विचार न करता त्या भागाच्या सामाजिक, आर्थिक आणि पर्यावरणीय हिताचाही ‘विचार करावा’, असे तो सांगतो. विचार करावा एवढेच. केला की कर्तव्य संपले. दोन वर्षांनी आलेल्या केअर ॲक्टने प्रतिबंधक सेवांची तरतूद करण्याची आणि सेवा देणाऱ्यांची बाजारपेठ वैविध्यपूर्ण राहील हे पाहण्याची जबाबदारी परिषदांवर टाकली, पण नेमक्या त्याच काळात परिषदांचे उत्पन्न आटत होते, आणि आडातच नसल्यावर पोहऱ्यात काय येणार? सप्टेंबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅमसारख्या मोठ्या शहराच्या परिषदेने खर्चाचा मेळ बसत नसल्याची कायदेशीर नोटीस काढली. अशा वेळी पहिली कात्री लागते ती कायद्याने सक्ती नसलेल्या खर्चाला, आणि संस्थांची अनुदाने बहुधा त्याच रकान्यात असतात.

आरोग्यसेवेच्या बाजूला तर सेवा घेणारे कार्यालयच दर काही वर्षांनी बदलते. २०१३ मध्ये डॉक्टरांच्या नेतृत्वाखालील दोनशेहून अधिक स्थानिक गट स्थापन झाले. १ जुलै २०२२ रोजी ते मोडून त्यांच्या जागी ४२ एकात्मिक मंडळे आली, आणि २०२५ मध्ये त्या मंडळांना आपला प्रशासकीय खर्च निम्म्यावर आणण्याचा आदेश निघाला. आमच्या काळातच मी एका पदावर पाच अधिकारी पाहिले. प्रत्येकाला आमचे काम काय ते नव्याने सांगावे लागे, प्रत्येक जण पुढच्या तिमाहीत भेट देतो म्हणे, आणि त्याआधीच त्याची बदली किंवा त्याच्या कार्यालयाचे विलीनीकरण होई. एक बदल मात्र खरोखर उपयोगाचा झाला. १ जानेवारी २०२४ पासून रुग्णांना दिल्या जाणाऱ्या आरोग्यसेवांसाठी सेवादात्याच्या निवडीचे नवे नियम लागू झाले आणि विद्यमान संस्था समाधानकारक काम करीत असेल तर ठरावीक अटींवर, कारणे नोंदवून, निविदा न काढता तिच्याशी करार पुढे चालू ठेवण्याची मुभा मिळाली. अडचण अशी की निव्वळ सामाजिक काळजीचे करार या नियमांत येत नाहीत. ते फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या सर्वसाधारण खरेदी कायद्याखाली राहतात. म्हणजे तोच वृद्ध, तेच घर, पण जखमेवरची पट्टी एका नियमाने आणि जेवण दुसऱ्या नियमाने.

डॉक्टरांनी गोळ्यांऐवजी लोकसंपर्काची चिठ्ठी द्यावी, ही कल्पना अलीकडे आपल्या वृत्तपत्रांतही कौतुकाने छापून येते. ती चांगली आहे. जानेवारी २०१९ च्या दीर्घकालीन आरोग्य आराखड्यात अशी चिठ्ठी मिळालेल्याला योग्य गटाशी जोडून देणारे एक हजाराहून अधिक पगारी ‘दुवासेवक’ नेमण्याचे आणि २०२३-२४ पर्यंत नऊ लाख लोकांना या वाटेने पाठवण्याचे उद्दिष्ट होते. दुवासेवकाच्या पगाराची सोय झाली. तो ज्या बागकाम गटाकडे, गाण्याच्या मंडळाकडे किंवा आमच्यासारख्या संस्थेकडे माणूस पाठवणार, त्या संस्थेच्या खर्चाची सोय मात्र बहुतेक ठिकाणी झाली नाही. आमच्याकडे चिठ्ठ्या येत राहिल्या. चिठ्ठीसोबत कधी काही आले नाही.

याच्या उलट टोकाचे उदाहरण मरणासन्न रुग्णांच्या सेवेचे आहे. लंडनमधील सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस १९६७ मध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी उघडले आणि अंतकाळच्या वेदनाशमनाची आधुनिक पद्धत तेथून जगभर गेली. आज इंग्लंडमधील प्रौढांच्या हॉस्पिसना सरासरीने एक तृतीयांशाच्या आसपास पैसा सरकारकडून मिळतो. उरलेला देणग्या, मृत्युपत्रे, जुन्या कपड्यांची दुकाने आणि धावण्याच्या शर्यती यांतून येतो. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने हॉस्पिसच्या इमारती आणि साधनसामग्रीसाठी दहा कोटी पौंड जाहीर केले, ते स्वागतार्हच होते, पण परिचारिकेचा पगार इमारतीच्या निधीतून देता येत नाही. जन्माचा खर्च सरकार करते आणि मरणासाठी समाजाने दुकान चालवावे, हे मला आजही विचित्र वाटते. सरकारने संस्थांकडे काम सोपवणे आणि सरकारने अंग काढून घेणे यांतली सीमा अंधूक असते, आणि ती ओलांडली गेल्याचे फार उशिरा ध्यानात येते.

संस्थांची बाजू मांडताना त्यांच्या चुका लपवणे बरे नव्हे. लंडनमधील किड्स कंपनी या बालकांसाठी काम करणाऱ्या संस्थेला अनेक वर्षे, निरनिराळ्या पक्षांच्या सरकारांकडून, चार कोटी पौंडांहून अधिक अनुदान मिळाले. गंगाजळी जवळजवळ नव्हतीच, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये ती एकाएकी बंद पडली. पुढे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने विश्वस्तांना अपात्र ठरवण्याची मागणी फेटाळली, तेव्हा विश्वस्तांच्या हेतूविषयी मी काही बोलणार नाही. परंतु वजनदार माणसांचा पाठिंबा आहे म्हणून निकष न लावता पैसे देत जाणे कोणालाच हितकारक नसते, संस्थेला तर नाहीच. हिशेब मागितलाच पाहिजे. माझे म्हणणे एवढेच की दोनचार हजार पौंडांच्या कामाला आणि दोन कोटींच्या कामाला एकच साठ पानी दस्तऐवज लावणे ही हिशेबाची शिस्त नव्हे. त्याने मोठ्या संस्थांच्या निविदा लिहिणाऱ्या पगारी विभागांची तेवढी सोय होते. करारात ‘सरकारवर जाहीर टीका करू नये’ अशा अर्थाची कलमे घुसडण्याविषयीही हेच म्हणता येईल. वृद्धाला घरी सोडताना काय चुकते हे ज्याला रोज दिसते, त्याचे तोंड बांधून सेवा घेणाऱ्याचा काय फायदा?

मग करावे काय? माझ्या मते लहान रकमांसाठी अनुदान पुन्हा प्रतिष्ठेने सुरू करावे आणि करार करायचाच असेल तर तो किमान तीन ते पाच वर्षांचा असावा. समन्वयकाचा पगार ही खर्चाची पहिली बाब म्हणून लिहावी, शेवटची नव्हे. मसुदा छापण्याआधी तो त्या कामात असलेल्या संस्थांना दाखवावा. नंतर दाखवणे हे वरातीमागून घोडे. आणि काम बंद करायचे असेल तर पुरेशी पूर्वसूचना द्यावी. सरकार आणि स्वयंसेवी क्षेत्र यांच्यात १९९८ मध्ये झालेल्या ‘कॉम्पॅक्ट’ नावाच्या सामंजस्याच्या २०१० मधील आवृत्तीत किमान तीन महिन्यांची सूचना स्पष्ट नोंदवलेली आहे. ते न्यायालयात बंधनकारक नव्हते, त्यामुळे ज्यांना पाळायचे होते त्यांनी ते पाळले. जुलै २०२५ मध्ये ‘सिव्हिल सोसायटी कव्हेनंट’ नावाचे नवे सामंजस्य जाहीर झाले आहे.

आमच्या गावातील त्या कामाचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. मोठ्या संस्थेला त्या दरात ते परवडेना आणि मुदत संपण्याआधीच तिने करार परत केला. तेव्हा परिषदेतून एका नव्या अधिकाऱ्याचा मला दूरध्वनी आला आणि हिवाळ्यापूर्वी जुनी सेवा पुन्हा उभी करता येईल का, असे त्यांनी अत्यंत अदबीने विचारले. समन्वयक बाई तोवर एका शाळेच्या कार्यालयात रुजू झाल्या होत्या. मी जुन्या यादीवरून सगळ्यांना पत्रे घातली. चौतीसपैकी नऊ जण आले, आणि पहिल्या भेटीला निघताना त्यांतल्या एकीने विचारले की ती वही कुठे ठेवली आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त खजिनदार